‘नाही’ ऐकायची तयारी

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या टीममधल्या एका मित्राचे वडील आयसीयूत होते. आम्ही सहा वर्षं एकत्र डबा खातोय, त्याच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी मी हक्काने संपवतो. त्या दिवशी टपरीवर चहा पिता पिता त्याने एकदम विचारलं, "तुम्ही लोक प्रार्थना करता, तेव्हा नक्की काय होतं रे?"

मी ख्रिस्ती आहे. प्रार्थनेने मला माझ्या सगळ्यात वाईट दिवसांत सावरलंय. एवढंच सांगायचं होतं. पण मी म्हणालो, "अरे, ज्याची त्याची श्रद्धा असते," आणि विषय सोमवारच्या रिलीजवर नेला.

नंतर स्वतःची समजूत काढली, की दुःखात असलेल्या माणसाला धर्म सांगू नये. ते खरंही आहे. कुणाच्या अडचणीचा फायदा घेऊन आपली श्रद्धा त्याच्या गळ्यात मारणं हे पापच. पण इथे प्रश्न त्याने विचारला होता. मी गप्प बसलो तो घाबरून, उगाच सभ्यपणाचं नाव कशाला देऊ?

आपल्याकडे ख्रिस्ती माणसाने येशूचं नाव काढलं, की समोरच्याच्या डोक्यात आधी ‘धर्मांतर’ हाच शब्द येतो. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हा निकाल टोचतो. मला मात्र त्यात एक सुटका दिसते. सांगणं माझ्याकडे, ठरवणं त्याच्याकडे.

आमचंही चुकतंच. मिशनचा विषय निघाला की "किती जण आले?" हा प्रश्न ठरलेला. एकदा डोकी मोजायला लागलं, की समोरच्याचं ‘नाही’ म्हणजे आपण नापास. मग भीती वाटणारच की! ऑफिसातली टार्गेट्स कमी आहेत का?

अशा वेळी मला रेव्हरंड टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला आणि तो वाचायचं वचन घेतलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं (हा आगाऊपणा मी केला नसता). १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो माणूस कोण, ते त्यांना कधी कळलंच नाही. त्याचं काम तेवढंच होतं, एका प्रवासापुरतं.

आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसारच मोडल्यासारखा झाला, कित्येक दिवस दोघं वेगळे राहिले. पुढे काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या गतीने, स्वतःला पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे माहीत आहेच. इतक्या मोठ्या कवीच्या घरातही जो तो आपापल्या पायांनी आला, मग मी कोण लागून गेलो?

भीती पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सरळ कबूल करतो, की मी तुमच्याकडे आलो तेव्हा भीतीने कापत होतो. पौलाची ही गत, तर आपलं काय! पण तो गेला. थोडक्यात काय, तर भीती संपायची वाट बघत बसू नये, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवूनच बोलावं. ज्या आमंत्रणाला ‘नाही’ म्हणता येत नाही, ते आमंत्रण कसलं?

मित्राचे वडील बरे होऊन घरी आले. डिसेंबरमध्ये मी धीर करून त्याला म्हटलं, "नाताळच्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये येशील? नको वाटलं तर बिनधास्त सांग." त्याने चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला.

"चर्चमध्ये नको रे. पण त्या दिवशी टपरीवर विचारलं होतं ना, ते आता तरी सांग."

सांगितलं. दहा मिनिटं लागली.