वाटाड्याचे कथन आणि पाहणाऱ्याचे मौन

मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत वाचकाला बरेच अधिकार देऊ केले. रोलाँ बार्थच्या १९६७ च्या निबंधातून लेखकाच्या मृत्यूची वार्ता आली, वोल्फगांग इझरकडून अभिप्रेत वाचक आला आणि संहितेचा अर्थ वाचनक्रियेत सिद्ध होतो हे विधान चर्चासत्रांत जवळजवळ निर्विवाद झाले. मात्र सामान्य माणूस कलाकृतीसमोर प्रत्यक्ष उभा राहतो आणि तिचा अर्थ कोणीतरी त्याच्या हाती ठेवतो, त्या जागेकडे या समीक्षेने क्वचितच पाहिले. दहाबारा जणांच्या गटाला मोठ्या कलासंग्रहालयातून तासाभरात फिरवून आणणारी मार्गदर्शित फेरी ही ती जागा. ती एक सोय मानली जाते. शाळा, पर्यटनसंस्था आणि संग्रहालये तिचा पुरस्कार करतात. प्रस्तुत प्रतिपादन असे की ही फेरी सोय नसून संहिता आहे. तिला निवेदक आहे, कथानक आहे, अभिप्रेत श्रोता आहे; आणि ती संहिता म्हणून वाचली जात नाही, यातच तिचे सामर्थ्य आहे.

या संहितेची रचना तपासली की प्रथम लक्षात येते ती निवड. हजारो वस्तूंमधून पंधरावीस वस्तू उचलल्या जातात. ज्यांच्यासमोर गट थांबतो त्या अर्थपूर्ण ठरतात. ज्यांच्यासमोरून तो चालत पुढे जातो त्या पार्श्वभूमी होतात. निवडीपाठोपाठ क्रम येतो. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाणे हा निव्वळ शारीरिक प्रवास नसतो. आधीचे आणि नंतरचे, अपक्व आणि परिपक्व, उगम आणि उत्कर्ष अशी श्रेणी त्या चालण्यातूनच प्रस्थापित होते. तिसरा घटक निवेदकाचा. वाटाड्या बोलतो तो सर्वज्ञ निवेदकाच्या भाषेत. 'असे मानले जाते', 'तज्ज्ञ सांगतात' या कर्महीन वाटणाऱ्या वाक्यांतून मानणारा आणि सांगणारा कोण, हे वगळलेले असते. शेवटी 'आपण' हे सर्वनाम येते. 'आता आपण पाहतो आहोत' या वाक्यातील 'आपण' गटातल्या प्रत्येकाला सामावून घेतल्यासारखे करते. वस्तुतः ते एका विशिष्ट पूर्वज्ञानाच्या, विशिष्ट स्मृतीच्या प्रेक्षकाची जागा आखून ठेवते आणि इतरांना त्या जागेत मुकाट्याने उभे राहायला लावते.

लहान गटात ही सत्ता सौम्य होते, कारण तिथे प्रश्न विचारता येतात, असा एक युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. मोठ्या घोळक्यात माणूस मागे रेंगाळू शकतो, ऐकल्या न ऐकल्यासारखे करू शकतो. दहा जणांत ही पळवाट उरत नाही. प्रश्न विचारण्याची मुभा असते, परंतु मार्गावर असलेल्या वस्तूंविषयी; मार्गाविषयी नव्हे. 'इथे का थांबलो नाही?' हा प्रश्न त्या शिष्टाचारात उद्धट ठरतो.

या भाषेचे स्वरूप एका अमेरिकन कलावतीने नेमके उघडे केले. १९८९ साली अँड्रिया फ्रेझरने फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात 'जेन कॅसलटन' हे नाव धारण करून मार्गदर्शिकेची भूमिका वठवली. चित्रांबरोबरच पाणी पिण्याच्या नळाचेही वर्णन तिने कलेतिहासाच्या त्याच भारावलेल्या शैलीत केले. ऐकणाऱ्याला हसू येते. पण हसण्यापाठोपाठ एक अस्वस्थता येते. ती शैली नळाला जशी चिकटते तशीच चित्रालाही चिकटते, म्हणजे ती वस्तूतून उद्भवलेली नसते. ती संस्थेची असते.

हा प्रश्न वऱ्हाडातून कसा दिसतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेला तह सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याआधी २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड अशी आर्थर वेलस्लीच्या मोहिमेची वाटचाल झाली. १७ डिसेंबरला देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांशी तह झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचे लंडनमधील निवासस्थान, ॲप्स्ली हाउस, १९४७ साली सातव्या ड्यूकने राष्ट्राला दिले आणि १९५२ पासून ते संग्रहालय म्हणून खुले झाले. तेथे व्हेलाझ्केथचा सेव्हिलचा पाणीविक्या आहे, जिन्यापाशी कानोव्हाने घडवलेला नेपोलियनचा भव्य नग्न पुतळा आहे, आणि 'डेक्कन सर्व्हिस' या नावाने ओळखला जाणारा, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा भोजनसंचही आहे. दख्खनच्या मोहिमेतील सहकारी अधिकाऱ्यांनी तो वेलस्लीला भेट दिला.

समजा, अंजनगाव सुर्जीचा एखादा अभ्यासक अशा घरातील फेरीत सामील झाला. त्या घराचे कथानक वॉटर्लूकडे धावणारे आहे. तिथल्या सर्वांत मोठ्या दालनाचे नावच वॉटर्लूचे आहे आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ मेजवान्या तिथेच झडत. या कथानकात १८०३ ला स्थान आहे ते नायकाच्या उमेदवारीचे. 'दख्खन' तिथे प्रदेश राहत नाही. ते ताटांचे नाव होते. अभिप्रेत प्रेक्षकाला १८१५ पाठ असावे लागते, आडगाव कुठे आहे हे ठाऊक नसले तरी चालते. अकोला जिल्ह्यातले आडगाव ज्याला एका दिवसाच्या वाटेवरचे गाव म्हणून माहीत आहे, तो या गटात प्रेक्षक म्हणून अनपेक्षित आहे. तो ऐकतो, मान हलवतो आणि त्याची स्मृती त्या खोलीत उच्चारली न जाता परत येते. मौन म्हणतात ते हेच.

येथे एक सोपा निष्कर्ष टाळला पाहिजे. तो भोजनसंच अंजनगावचा नव्हता; इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या सेनापतीला दिलेली ती भेट होती. त्यामुळे परतीची मागणी येथे गैरलागू आहे. तहात अंजनगावचे तरी काय होते? दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगरचा किल्ला यांचे भवितव्य त्यात ठरले. गावाचे नाव लागले ते छावणी तिथे होती म्हणून. तेव्हा प्रश्न मालकीचा नाही, परिप्रेक्ष्याचा आहे. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या किती जागा त्या कथनात शिल्लक ठेवल्या आहेत, एवढेच विचारायचे आहे.

परदेशातील संग्रहालयावर ठपका ठेवून मोकळे होणेही अप्रामाणिक ठरेल. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला १९०५ मध्ये बसली, १९२२ मध्ये ते जनतेला खुले झाले आणि १९९८ मध्ये त्याचे नामांतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे झाले. जॉर्ज विटेटच्या या वास्तूत शिरणारा प्रेक्षक नाशिकच्या एका वाड्यातून आणलेल्या लाकडी खांबांच्या आणि कमानींच्या सान्निध्यात उभा असतो. तो वाडा आता प्रदर्शित वस्तू नाही. वस्तू पाहण्यासाठी उभारलेली चौकट आहे. मराठी घर चौकट होते आणि दालनातील शिल्प कला होते, हा भेद कोणी केला? नाव बदलल्याने हे कथन बदलत नाही. नामांतर संस्थेचे झाले, निवेदकाचे नाही.

या प्रतिपादनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप समाजशास्त्रातून येतो. पिएर बोर्दिय आणि अलँ दार्बेल यांनी १९६६ साली युरोपीय संग्रहालयांच्या प्रेक्षकवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयात जाणे शालेय शिक्षणाच्या प्रमाणात वाढते, दार सर्वांना उघडे असले तरी ते खरोखर उघडते ते ज्यांना घरातून आणि शाळेतून किल्ली मिळाली आहे त्यांनाच, हे त्यांनी दाखवले. बाण, फलक आणि मार्गदर्शक हवे असतात ते अल्पशिक्षित प्रेक्षकाला. मार्गदर्शनाचा तिटकारा ही सुसंस्कृतांची चैन असते. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. 'वाटाड्या नको, कलाकृतीशी थेट भिडा' असे सांगणारा सौंदर्यवादी समीक्षक स्वतःची किल्ली खिशात लपवून दुसऱ्याला कुलूप उघडायला सांगत असतो. निर्मळ, निरपेक्ष दृष्टी नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. म्हणून विरोध वाटाड्याला नाही; स्वतःची जागा न सांगणाऱ्या वाटाड्याला आहे.

दुसरा पर्याय देशीवादी म्हणून मिरवला जातो: इंग्रजी निवेदकाच्या जागी मराठी निवेदक बसवावा, वॉटर्लूच्या जागी असई सांगावी. यात भाषा बदलते, व्याकरण बदलत नाही. सर्वज्ञ निवेदक मराठी बोलू लागला म्हणजे तो देशी होत नाही. देशी परंपरेत वाट दाखवण्याची याहून वेगळी रीत होती आणि ती वऱ्हाडातच, रिद्धपूरच्या परिसरात घडली. स्थानपोथी हा चौदाव्या शतकातील महानुभाव ग्रंथ एका अर्थी फेरीचीच संहिता आहे: श्रीचक्रधर कोठे थांबले, कोठे बसले, दाराचे तोंड कोणत्या दिशेला होते, याची नोंद तो करतो. तीही श्रद्धेची फेरी आहे, तिचा मार्गही ठरलेला आहे, हे विसरता येत नाही. परंतु याच परंपरेतील लीळाचरित्रात एकाच लीळेच्या निरनिराळ्या आठवणी 'वासना' म्हणून, ज्याची आठवण त्याच्या नावासह, नोंदवल्या जातात. पवित्र चरित्र सांगतानाही सांगणारा कोण हे लपवले जात नाही आणि दुसऱ्याची वेगळी आठवण पुसली जात नाही. आधुनिक संग्रहालयाचा वैज्ञानिक म्हणवणारा निवेदक ज्या ठिकाणी 'असे मानले जाते' म्हणतो, तेथे श्रद्धाळू संकलकाने मानणाऱ्याचे नाव दिले आहे.

हा वाद संग्रहालयापुरता असता तर समीक्षेच्या नियतकालिकात त्याला जागा नसती. मराठीचा पदव्युत्तर वर्ग हीसुद्धा लहान गटाची मार्गदर्शित फेरीच आहे. वाङ्मयेतिहास दालनांत विभागलेला आहे. प्रत्येक दालनात ठरलेल्या तीनचार ग्रंथांसमोर थांबायचे, मर्ढेकरांपाशी दुर्बोधतेची चर्चा करायची आणि घंटा झाली की पुढे जायचे. कविता न वाचताही तिच्यासमोर काय म्हणायचे ते विद्यार्थ्याला ठाऊक असते. सुर्जीच्या देवनाथ मठावरून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला देवनाथांचे नाव वाङ्मयेतिहासात फार तर एका ओळीत भेटते. फेरी तिथे थांबत नाही. आपल्या गावात मराठी कवितेचे काहीच घडले नाही, असा निष्कर्ष तो काढतो, आणि ज्या वाचकाला सिद्धान्ताने एवढे अधिकार बहाल केले, तो वर्गात तोंड उघडत नाही. वाचककेंद्री समीक्षा शिकवण्याची पद्धत निवेदककेंद्री राहावी, ही विसंगती एखाद्या प्राध्यापकाच्या आळसाची नाही. अर्थ हा मालासारखा एकाने दुसऱ्याकडे पोचवायचा असतो, या गृहीताची ती परिणती आहे.

तेव्हा मागणी दोन गोष्टींची आहे. वाटाड्याने, तो दालनात असो वा वर्गात, आपण कोठे उभे राहून बोलतो आहोत आणि कोणाची आठवण सांगतो आहोत हे आधी सांगावे. आणि फेरीच्या नियमांत एका प्रश्नाला अधिकृत स्थान असावे: इथे का थांबलो नाही? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गाचा वेळ खातो, असे समजले जाते. वास्तविक समीक्षा त्याच्यापासून सुरू होते.