दुसऱ्यांदा लिगामेंट बसवण्याआधी



एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट नव्यानं बसवूनही गुडघा सटकत असेल तर ते पुन्हा बसवून घ्यावं, हा गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचा सल्ला अर्धवट आहे. पहिलं का निकामी झालं? बऱ्याचदा दोष लिगामेंट ओवण्यासाठी मांडीच्या हाडात भलत्या जागी पाडलेल्या टनेलचा (बोगद्याचा) असतो. ते फार रुंदावलं असेल, तर आधी त्यात हाडाची भर घालून काही महिने थांबावं लागतं. म्हणजे शस्त्रक्रिया दोन. नडगीच्या हाडाचा माथा मागे १२ अंशांहून जास्त उतरता असेल, तर नवं लिगामेंटही ताणलं जातं. तिथे हाड कापून उतार कमी करण्याचा विचार होतो. शस्त्रक्रियेतच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ऊतीच्या पट्टीचा आधार देण्याची जुनी पद्धतही परतली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॅबिलिटी’ चाचणीत तिच्यामुळे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. (अर्थात ते रुग्ण पहिल्याच शस्त्रक्रियेचे, आणि तरुण.) कबड्डीच्या मैदानावर परतायची घाई झालेल्या पोरांना हे कोण सांगणार?

वाचकहो, दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी टनेलचा सीटी स्कॅन आणि गुडघ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे डॉक्टरांसोबत बसून बघा.

— एक अस्थिशल्यचिकित्सक, सांगली