‘मागं फिरा’ कोण म्हणणार?

शुक्रवारी दुपारी चारनंतर ऑफिसमध्ये कुणाचंच कामात लक्ष नसतं. एक बॉस सोडला तर. नेमका तेव्हाच तुमच्या मोबाइलवर तो फॉरवर्ड टपकतो. ‘सांदण व्हॅली! आशियातली दोन नंबरची खोल दरी! टेन्ट, बार्बेक्यू, म्युझिक. लास्ट फ्यू सीट्स!’ (हा दोन नंबर फक्त फॉरवर्डमध्येच भेटतो, पण ते सोडा.) पाच मिनिटांत चौघं ‘आय अ‍ॅम इन’ म्हणतात आणि सहावा बिचारा बायकोला विचारून सांगतो.

चार वर्षांपूर्वी मीही अशीच ‘इन’ झाले होते. माणशी चौदाशे रुपये, दोन बस आणि सत्तर माणसं. पुण्याहून रात्री निघून संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे साम्रदला पोचलो. अकोले म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातला तालुका, हो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी आईला अजून वाटतं मी विदर्भातल्या अकोल्याला गेले होते.

सांदण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साम्रद हे रतनगडाच्या बाजूचं, सह्याद्रीच्या अगदी कडेवरचं गाव. गावापासून चालत निघालात तर दरी कुठे आहे ते कळतच नाही. सपाट माळ, झाडी, आणि अचानक जमिनीला पडलेली एक फट. सांदीकोपऱ्यातली सांद असते ना, तशी, फक्त राक्षसाच्या मापाची. आत उतरलं की दोन्ही बाजूंना शेकडो फुटांच्या कातळभिंती, पायाखाली मोटारीएवढे धोंडे आणि वर आकाशाची एक पट्टी. काही ठिकाणी ऊन जेमतेम पोचतं. वाटेत पाण्याचे दोन डोह लागतात. पाणी गुडघ्यापर्यंत की कमरेच्या वर, हे पाऊस संपून किती दिवस झाले त्यावर ठरतं. पुढे दरी कोकणाकडे कोसळते, तिथून दोराशिवाय उतरता येत नाही.

आता या फटीत सत्तर माणसं घाला. पहिल्या डोहाशी आमची लाइन लागली ती थेट आरटीओसारखी. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. कुणी स्पीकर लावला, कुणी सिगरेट. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात आणि धूर, उग्र परफ्यूम त्यांना चालत नाही, हे आमच्यातल्या कुणाच्या गावीही नव्हतं. आमचा लीडर पुण्याचाच, माझ्याच वयाचा, दरीत दुसऱ्यांदा आलेला. गावातला एक वाटाड्या होता, पण तो सगळ्यात पुढे आणि मी पंचावन्नावी. त्याचा चेहरा मी जेवतानाच पाहिला. दुपारी भाकरी खाताना सहज विचारलं तेव्हा कळलं, दिवसाचे पाचशे. सत्तर गुणिले चौदाशे हा हिशोब मी बसमध्ये केला आणि मग झोप लागली नाही.

तरी फोटो भारी आले होते. खोटं कशाला बोलू!

या वर्षी मे महिन्यात पुन्हा गेले. या वेळी आम्ही सहा जण, आणि सगळं त्याच वाटाड्याकडून ठरवलेलं. त्याचा नंबर मी तेव्हाच घेऊन ठेवला होता. राहणं त्याच्याच घरी. रात्री नागलीची भाकरी, पिठलं आणि वहिनींनी पाट्यावर वाटलेला ठेचा. आपण मॉलमध्ये ‘रागी कुकीज’ म्हणून जे घेतो तीच ही नागली. दादा सांगत होता, भाताचं एक पीक निघालं की पूर्वी सगळं घर मजुरीला नारायणगावकडे जायचं. आता ट्रेकवाले येतात म्हणून तो आणि भाऊ हिवाळाभर गावात राहतात. मुलीची शाळा बुडत नाही.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो सव्वासातला. (रील्स. नाव घेत नाही, ती हे वाचणार आहे.) प्लॅन मोठा होता, दोर लावून खाली उतरायचं आणि कोकणच्या बाजूने बाहेर पडायचं. पहिला डोह सोपा गेला, दुसरा जवळपास कोरडा. अकराच्या सुमारास दादा थांबला. वर बघितलं. मलाही वर बघून काहीतरी समजल्यासारखं करावंसं वाटलं, पण मला फक्त निळी पट्टी दिसत होती, कडेला किंचित राखाडी.

‘ताई, मागं फिरायचं.’

‘का?’

‘वारं फिरलंय. वळीव येईल असं वाटतंय.’

मग आमच्यात जे झालं ते तुमच्या प्रत्येक प्रोजेक्ट मीटिंगमध्ये होतं. एकजण म्हणाला, अ‍ॅप बघ, चान्स फक्त वीस टक्के दाखवतंय. (सकाळी गावात पाहिलेलं. आत कसली आलीय रेंज!) दुसरी म्हणाली, रजा टाकून आलोय यार. मीही म्हटलं, अर्धा तास थांबून बघू या का? दादा आवाज न चढवता म्हणाला, ‘दोराचे पैसे परत देतो. पण पुढं नाही.’

पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नसते, हे त्याने परत येताना समजावलं. वरच्या माळावर कुठेही जोराची सर आली की पाणी उतार धरून याच फटीत येतं. तुम्हाला ढगही दिसलेला नसतो. भिंती इतक्या उभ्या की बाजूला सरकायला जागा नाही. पावसाळ्यात दरीत कुणी उतरत नाही ते यासाठीच. आणि सहा माणसांना मागे वळवायला दहा मिनिटं लागतात. सत्तरांना? मला आमची ती डोहावरची लाइन आठवली.

दीडला वर आलो. पाऊस पडला का? नाही. चार टपोरे थेंब आले आणि चक्क ऊन पडलं. मित्राने दादाकडे असं काही बघितलं की मलाच लाजल्यासारखं झालं. दादा म्हणाला, ‘नाही आला, बरं झालं.’ आणि चहा टाकायला आत गेला.

‘लोकल गाइड घ्या, म्हणजे गावाला रोजगार मिळतो’ हे वाक्य आपण ब्रोशरमध्ये वाचून मान डोलावतो, आणि ते खरंच आहे. पण सांदणसारख्या जागी त्याहून मोठा प्रश्न असतो तो म्हणजे ‘मागं फिरा’ हे म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे. पाचशे रुपये घेऊन सत्तरांच्या पुढे चालणारा वाटाड्या हे शब्द कुणाला ऐकवणार? बस ठरलेली, जेवण ठरलेलं, रात्री पुण्याला पोचायचं ठरलेलं. लीडर तरी काय करणार, सोमवारी त्याला रिव्ह्यू मिळणार असतात. ग्रुप लहान असला आणि पैसे थेट त्या माणसाकडे जात असले की तो बोलू शकतो. आपण कुरकुरतो, पण वळतो.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा पुढचा फॉरवर्ड आला की नोंदणी विचारा. माणसं किती हे त्याहून आधी विचारा. आणि गावातल्या वाटाड्याला किती मिळणार हेही बिनधास्त विचारा, उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा नाक्यावरची पावती फाडायला कुरकुर नको.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. मेअखेरीपासून पाऊस धरेपर्यंतचे जेमतेम काही आठवडे, त्यात नर मादीला लुकलुकून हाका मारत असतो, आणि आपण गाडीचा हाय बीम लावून ‘वॉव’ म्हणतो. तिथेही गावातलाच कुणी सोबत असला तर तो आधी तुमचा टॉर्च बंद करायला लावतो. मला लावला होता.

दोराचे पैसे दादाने खरंच परत काढून ठेवले होते. अर्धा तास हुज्जत घालून ते वहिनींच्या हातात दिले. डिसेंबरची तारीख त्यानेच सांगितली आहे, सहाच जण. डोहात पाणी जास्त असेल, म्हणाला, जीन्स घालून येऊ नका, आणि या वेळी सहा म्हणजे सहा.