घोकलेले शब्द
इंग्रजी अवश्य शिकावी; आमचा विरोध आहे तो अवघड शब्दांच्या याद्या घोकून घेण्याला. ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेत येईल ते चिरडणारी शक्ती, एवढे मुले पाठ करतात. परंतु हा शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या नावावरून आला आणि रथयात्रेच्या परकीयांनी केलेल्या अतिरंजित वर्णनांतून त्याला हा अर्थ चिकटला, हे त्यांना कोण सांगणार? आपल्याच देवाचे नाव संहाराच्या अर्थाने उच्चारावे आणि त्याची जाणीवही नसावी, याला विद्या म्हणावे काय? आपले पूर्वजही अमरकोश पाठ करीत. पण पुढे काव्यवाचनात त्या शब्दांची पारख होई. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये म्हणतात. शब्दाचे मात्र दोन्ही पाहावे.