तीन चमचे हवा

फेब्रुवारी उजाडला की आपल्या कॉलेजात फायनल इयरच्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. प्रोजेक्टचं काय? मग कुणी मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठतो, कुणी पुण्याची तपकीर गल्ली, आणि लाइन फॉलोअर नाहीतर 'मोबाइलवरून घरातले दिवे लावा' घेऊन विजयी मुद्रेने रत्नागिरी स्टेशनवर उतरतो. कोविडनंतर यात एक भर पडली आहे, ती म्हणजे आरोग्याची. ऑक्सिमीटर झाले, आता फुफ्फुसांची क्षमता मोजणारी यंत्रं चालू आहेत. एका नळीत जोरात फुंकायचं, आतलं पातं फिरतं, स्क्रीनवर आकडा येतो. एक्स्टर्नल स्वतः फुंकून बघतात, हसतात, मार्क मिळतात.

मला या यंत्राबद्दल तक्रार नाही. पण एक साधा प्रश्न पडतो. जॉन हचिन्सनने १८४६ साली लंडनमध्ये स्पायरोमीटर मांडला, तेव्हापासून या मोजणीची एक अट आहे, की समोरच्याने सांगितलेलं ऐकलं पाहिजे. "दीर्घ श्वास घ्या, आता सोडा, अजून, अजून!" काल जन्मलेल्या बाळाला हे कोण सांगणार? आणि खरं म्हणजे फुफ्फुसांचा प्रश्न सगळ्यात निकडीचा कुणाचा असेल, तर त्याचाच.

जरा आकडे बघू. तीन किलोचं बाळ एका श्वासात साधारण १५ ते १८ मिलिलिटर हवा घेतं. औषधाच्या बाटलीबरोबर जो पाच मिलिलिटरचा चमचा येतो, तसे तीन चमचे. दीड किलोच्या, वेळेआधी आलेल्या बाळाचे दोनही पुरे भरत नाहीत. मिनिटाला श्वास ४० ते ६०. आता या बाळाच्या तोंडावर मास्क लावून फ्लो सेन्सर जोडा. मास्कच्या आत पाच मिलिलिटर जागा रिकामी राहिली, तर दीड किलोच्या बाळाच्या श्वासातली निम्म्याहून जास्त हवा त्याने आत्ताच सोडलेली, वापरलेली असणार. म्हणजे मोजता मोजताच आपण त्याला गुदमरवतोय. शिवाय चेहऱ्याला मास्क टेकला की बाळाची श्वास घेण्याची तऱ्हाच बदलते. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पहिल्या लेक्चरला 'लोडिंग इफेक्ट' शिकवतात ना, तो हाच. फक्त इथे लोड व्होल्टमीटरचा नसतो.

परदेशातल्या प्रयोगशाळांनी यावर बरेच मार्ग काढलेत. झोपलेल्या बाळाला पारदर्शक पेटीत ठेवून पेटीतल्या दाबावरून फुफ्फुसातली हवा काढायची, अल्ट्रासाउंडने प्रवाह मोजायचा, किंवा एखादा निरुपद्रवी वायू श्वासातून किती वेळात धुऊन निघतो ते बघायचं. ऐकायला झकास आहे. पण २०२१ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अशाच एका जगभर वापरात असलेल्या यंत्रात ऑक्सिजनचा आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर एकमेकांच्या रीडिंगमध्ये ढवळाढवळ करत होते. त्यामुळे फुफ्फुसांचे आकडे वर्षानुवर्षं चुकत आले होते. तिथे ही अवस्था, तर आपल्या ब्रेडबोर्डचं काय घ्या!

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीला चौतिसाव्या आठवड्यातच मुलगा झाला. तिचं सासर देवरुखच्या पुढे एका वाडीत. बाळाला कोल्हापूरला हलवायचं ठरलं. रत्नागिरीहून आंबा घाट चढून सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं, आणि महिना जुलै! निघण्याआधी सिस्टर काय करत होत्या ते मी काचेतून बघत होतो. एका हातात घड्याळ, नजर बाळाच्या पोटावर. छातीवर नाही, पोटावर, कारण तान्हं बाळ श्वास घेतं ते मुख्यतः पडद्याच्या स्नायूने. पूर्ण एक मिनिट मोजलं. मग परत एक मिनिट. मला वाटलं, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं असतं तर? नंतर कळलं, की तान्ह्या बाळाचा श्वास सरळ रेषेत चालतच नाही. भराभर घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू. त्या थांबण्यात तुमचे पंधरा सेकंद सापडले तर उत्तर फारच कमी, नाही सापडले तर भलतंच मोठं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे : पूर्ण मिनिट मोजा, आणि साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. सॅम्पलिंग थिअरी आम्ही चौथ्या सेमला घोकली, सिस्टरनी ती हातातल्या घड्याळावर वापरली.

(भाचा आता दोन वर्षांचा आहे आणि माझ्या कॅल्क्युलेटरची बटणं उचकटतो.)

त्या बाळाच्या कण्हण्याचा आवाज मात्र अजून आठवतो. तेव्हा वाटलं, दुखत असेल. प्रत्यक्षात ती बाळाची स्वतःची इंजिनिअरिंग असते. वेळेआधी जन्मलेल्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा थर कमी असतो. ही गोष्ट मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवली. थर नसला की पृष्ठताण वाढतो, आणि लाप्लासच्या सूत्राप्रमाणे छोटे फुगे मिटून जातात. ते मिटू नयेत म्हणून बाळ श्वास सोडताना घसा आवळून धरतं आणि आत थोडा दाब राखतं. तोच तो कण्हण्याचा आवाज. बबल सीपॅपही हेच काम करतं. श्वास सोडायच्या नळीचं टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलं की आत पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब राहतो. ना व्हॉल्व्ह, ना मायक्रोकंट्रोलर. मोजपट्टी पाण्याचीच.

आणि याहून सुंदर वस्तू आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला गावातल्या दायांकडून न्यूमोनिया ओळखून घ्यायचा होता. निदानाचा मार्ग श्वास मोजणे, पण बऱ्याच दायांना दहा-बाराच्या पुढे आकडे येत नव्हते. मग त्यांनी एक लाकडी मोजणी तयार केली. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला एक ओळ, मोठ्याला दुसरी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. बस्स! अंक वाचता येत नाही अशी बाई त्यावरून निदान करू लागली. पुढे याच संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बायका तयार केल्या, आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. ते आकडे 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली छापून आले. अर्थात हे सगळं श्रेय एकट्या मण्यांना नाही. जंतुसंसर्गाची औषधं, ऊब, स्तनपान असं बरंच काही त्यात होतं. पण आज आपल्या वाड्यावाड्यांतून आशाताई बाळाच्या घरी ज्या सहा-सात भेटी देतात, त्यांची मुळं तिथे आहेत.

मला त्या मण्यांचं कौतुक अशासाठी वाटतं, की ते करणाऱ्याने आधी विचारलं, मोजणार कोण? आपण आधी विचारतो, सेन्सर कुठला मिळतो? म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आपल्यापैकी कुणी नवजात बाळाच्या श्वासावर प्रोजेक्ट करणार असेल तर पहिलं वर्ष त्याने सेन्सरला हात लावू नये. आधी खोटं बाळ बनवावं.

म्हणजे काय? वीस मिलिलिटरची सिरिंज घ्या. तिचा दट्ट्या साधारण पाच सेंटिमीटर सरकला की १५ मिलिलिटर हवा आत-बाहेर होते. लीड स्क्रूला स्टेपर मोटर जोडा आणि तिला श्वासाचा प्रोग्रॅम द्या. चाळीसचा वेग, मग साठचा, मग सात सेकंद थांबणं, मग धाप. बाहेर जाणारी हवा गरम आणि दमट करा, कारण खरा श्वास तसाच असतो आणि सेन्सरच्या जाळीवर बाष्प बसतं ते यामुळेच. रत्नागिरीच्या जुलैची हवा फुकट आहे, तीही वापरा. यावर जो सेन्सर, जे मोबाइल ॲप, जो कॅमेरा टिकेल त्याचाच पुढे विचार. नाहीतर आपण काय करतो? हॉस्टेलच्या रूम पार्टनरच्या छातीवर पट्टा बांधतो, आठ रीडिंग घेतो आणि रिपोर्टमध्ये 'लहान मुलांसाठीही उपयुक्त' असं लिहून मोकळे होतो. वीस वर्षांच्या, वडापाव खाल्लेल्या माणसाचा अर्धा लिटरचा श्वास आणि तीन चमचे हवा, यात तीसपट फरक आहे.

काही मित्र म्हणतात, "ऑक्सिमीटर आहे ना, मग श्वास कशाला मोजायचा?" ऑक्सिमीटर परिणाम सांगतो, त्यासाठी लागणारे कष्ट सांगत नाही. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, नाकपुड्या फुलतायत, तरी आकडा ९५ दिसू शकतो. बाळ दमलं की मग तो घसरतो, आणि तोवर गाडी घाटात असते. उलट आकडा वर नेण्याच्या नादात जास्त ऑक्सिजन दिला तर वेळेआधी आलेल्या बाळाचे डोळे जाऊ शकतात.

खऱ्या बाळांपर्यंत जायचं तर ते आपल्या मर्जीवर नाही, आणि नसावंच. डॉक्टर, नैतिकता समिती, आईबापांची लेखी परवानगी हे सगळं हवं. पण २०२३ पासून आपल्या गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इतकी वर्षं "मेडिकलवाले इथे कुठे?" ही सबब चालायची, ती आता संपली. आपल्यातले किती जण त्या गेटातून प्रोजेक्टसाठी आत गेले, हे मी विचारून बघितलं. अजून एकही सापडला नाही.

सिरिंज मी आणली आहे. स्टेपर मोटर गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी लाइन फॉलोअरशेजारी कपाटात पडून आहे. लीड स्क्रूसाठी वर्कशॉपच्या सरांना गाठलं, तर ते म्हणाले, "सबमिशन झाल्यावर ये." मेकॅनिकलचा एक जण हवा आहे, लेथवर हात बसलेला.