विश्लेषण : विमानात मास्कसक्ती होती, मग लाउंजमधल्या जेवणाचे काय?

महाराष्ट्रात गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिल २०२२ पासून, मास्क ऐच्छिक झाला. लोकलमध्ये तर तो हनुवटीवरही दिसेनासा झाला. विमानतळाच्या दारात मात्र तो तेव्हा पुन्हा नाकावर चढवावा लागत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३ जून रोजी कठोर भूमिका घेतली आणि ८ जूनला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) परिपत्रक काढले. मास्क नसलेल्याला ‘सीआयएसएफ’चे जवान टर्मिनलमध्ये सोडणार नव्हते. सांगूनही न ऐकणाऱ्याला उड्डाणापूर्वी विमानातून उतरवता येणार होते आणि बेशिस्त प्रवासी म्हणून त्याच्यावर कारवाई होणार होती. मुंबईत जूनमध्ये पुन्हा वाढलेली रुग्णसंख्या पाहता हे अनपेक्षित नव्हते.

पण सुरक्षा तपासणी उरकून प्रवासी लाउंजच्या काचेच्या दारातून आत गेला की चित्र बदलत असे. मास्क टेबलावर, समोर उपमा, हातात कॉफी. पुढचा तासभर तो तसाच बसत असे आणि कोणी हटकत नसे. कारण मास्क काढायला ज्या मोजक्या कारणांसाठी मुभा मिळत होती, त्यात खाणे-पिणे येतच होते. लाउंजमध्ये तर माणूस खायलाच जातो.

दोन रुपयांत पोटभर, पण पैसे कोण देते?

विमानतळावरच्या लाउंजची सुरुवात १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने केली, तीही निवडक पाहुण्यांसाठी. भारतात ही ऐट कार्डांनी मोडली. साधे प्लॅटिनम डेबिट कार्ड असले तरी तेव्हा दारात बहुतेक वेळा २ रुपये कापले जात आणि नाश्ता, जेवण, वायफाय सगळे मिळत असे. उरलेले पैसे बँक किंवा कार्ड कंपनी प्रत्येक भेटीमागे मधल्या सेवा कंपनीला देते आणि ती लाउंजचालकाला. म्हणजे जितकी माणसे आत, तितकी कमाई.

महासाथीत या धंद्याचे काय झाले, हे ‘ड्रीमफोक्स’च्या आकड्यांत दिसते. बँका आणि लाउंज यांच्यामधली ही तेव्हाची भारतातली मोठी कंपनी. शेअर बाजारात उतरण्यासाठी तिने जानेवारी २०२२ मध्ये ‘सेबी’कडे मसुदा दाखल केला. तिचे उत्पन्न २०१९-२० मध्ये ३६७ कोटी रुपये होते; पुढच्याच वर्षी ते १०५ कोटींच्या आसपास आले. इतका फटका बसल्यावर, गर्दी परतत असताना दारात ‘आत जागा नाही, थोडे थांबा’ असे सांगणे लाउंजचालकाला परवडणारे नव्हते. संसर्ग टाळायचा तर नेमके तेच सांगायला हवे होते.

विमानापेक्षा लाउंज सुरक्षित?

अनेकांची तशी समजूत आहे. गेटवर रेटारेटी, विमानात खांद्याला खांदा. लाउंजमध्ये निदान ऐसपैस खुर्ची. गर्दीपुरते हे बरोबरही आहे. मात्र हवेचा हिशेब वेगळा निघतो.

जेट विमानाच्या केबिनमधली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. त्यातली निम्मी-अर्धी बाहेरून येते आणि उरलेली ‘हेपा’ फिल्टरमधून जाते, जो ९९.९७ टक्के सूक्ष्म कण अडवतो. रुग्णालयातल्या विलगीकरण कक्षासाठीही तासाला १२ वेळा हवा बदलावी, अशी शिफारस आहे. लाउंज म्हणजे टर्मिनलच्या उंच छताखाली फॉल्स सीलिंग टाकून केलेली बंद खोली. तिथला एसी हवा थंड करतो. ती थंड हवा कितपत ताजी आहे, हे बाहेरची हवा किती आत घेतली जाते यावर ठरते. वीज वाचवायची तर ते प्रमाण कमी ठेवण्याकडे कल असतो, कारण बाहेरची दमट हवा थंड करणे महाग पडते. मुंबईच्या जूनमध्ये तर विशेषच.

अशा खोलीत काय होऊ शकते, याचा दाखला चीनमधल्या ग्वांगझूचा आहे. २४ जानेवारी २०२० रोजी तिथल्या एका उपाहारगृहात वुहानहून आलेले एक कुटुंब जेवायला बसले. त्यांच्यातल्या एका बाधित व्यक्तीपासून पसरत शेजारच्या दोन टेबलांपर्यंत, तीन कुटुंबांतले मिळून १० जण बाधित झाले. टेबलांमध्ये सुमारे एक मीटर अंतर होते आणि शेजाऱ्यांचा सहवास जेमतेम तासाभराचा. त्या कोपऱ्यात एसी तीच हवा फिरवत होता आणि बाहेरची ताजी हवा जवळपास येतच नव्हती. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही, बाधितांनी आजारापूर्वीच्या दोन आठवड्यांत उपाहारगृहात जेवल्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघाले होते.

नियमांनीच जेवण लाउंजमध्ये ढकलले

२५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा प्रवाशांना दोन तास आधी पोहोचायला सांगितले गेले आणि विमानातले जेवण बंद झाले. ऑगस्टअखेर ते बंद पाकिटात परत आले. दुसऱ्या लाटेत, १५ एप्रिल २०२१ पासून, दोन तासांपेक्षा कमी वेळाच्या उड्डाणांत पुन्हा बंदी आली आणि ती १६ नोव्हेंबरपर्यंत टिकली. मुंबई-गोवा, पुणे-बेंगळुरू, नागपूर-मुंबई हे सगळे मार्ग तिच्यात आले.

यामागचा हेतू चांगला होता. शेजारी एका हातावर असताना मास्क उतरू नये, हे पटण्यासारखे आहे. पण भूक काही परिपत्रक वाचत नाही. दोन तास आधी आलेला आणि विमानात काही मिळणार नाही हे माहीत असलेला प्रवासी टर्मिनलमध्येच जेवणार. विमानात दहा मिनिटांत संपणारे सँडविच लाउंजमध्ये तासाभराची बैठक झाले. तेही जिथे हवा किती वेळा बदलते, हे कोणी विचारत नाही, अशा खोलीत.

पुसलेले टेबल दिसते, हवा दिसत नाही

लाउंजवाल्यांनी काही केले नाही असे नाही. बुफे हटवून ताटे वाढली, क्यूआर कोडवर मेनू आणला, मासिके उचलली, तासातासाला टेबले पुसली. हे सगळे डोळ्यांना दिसते आणि जाहिरातीतही छान दिसते. मात्र दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दर स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचे ‘सीडीसी’ने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले होते. त्याच महिनाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही कोंदट, गर्दीच्या जागी विषाणू हवेतून पसरू शकतो, हे स्पष्टपणे मान्य केले. २०२२ च्या जूनपर्यंत त्यालाही वर्ष उलटले होते. टेबले तेव्हाही पुसली जात होती आणि ते चांगलेच होते, पण हवेचा आकडा भिंतीवर लावा, असे परिपत्रकात नव्हते.

तो आकडा मिळवणे अवघडही नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो, माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४० हजार. बंद खोलीतला आकडा चढत गेला, तर लोक एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा ओढत आहेत. काही हजार रुपयांचे यंत्र हे दाखवते. डीजीसीएने जवानांना मास्क तपासायला उभे केले, तसे हे यंत्र प्रत्येक लाउंजच्या दारात सक्तीचे करावे आणि ठरावीक आकड्यापुढे प्रवेश थांबवावा. प्रवासी तासाभराने विमानात बसतो. ताटे उचलणारा मुलगा त्याच हवेत पूर्ण पाळी काढतो, आणि समोर मास्क काढून बसलेल्यांना तो काही म्हणूही शकत नव्हता.

मग जावे की नाही?

तरुण, बूस्टर घेतलेला, धडधाकट प्रवासी गेला तर आभाळ कोसळत नाही. सोबत साठी ओलांडलेले आई-वडील किंवा मधुमेह, दम्याचा रुग्ण असेल, तर पहाटेच्या आणि संध्याकाळच्या गर्दीत लाउंज टाळलेला बरा. उंच छताच्या मोकळ्या प्रतीक्षागृहात, रिकाम्या गेटजवळ बसून घरचा डबा खाणे अधिक शहाणपणाचे. घरचे कोरडे खाणे सुरक्षा तपासणीतून नेता येते. लाउंजमध्ये जायचेच असेल तर आधी जेवण उरकून मास्क लावावा आणि मग मोबाइल काढावा. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

एक गोष्ट तिमाहीच्या अखेरीची. अनेक कार्डांवरच्या मोफत भेटी तिमाहीच्या हिशेबाने मिळतात आणि न वापरलेल्या पुढे जात नाहीत. एप्रिल-जूनची तिमाही ३० जूनला संपते. ‘वाया जाईल’ म्हणून शेवटच्या दिवसांत रांगा लागण्याची शक्यता अधिक. १ जुलैला खाते पुन्हा भरते.