आकडा बदलतो, उपचार बदलतो का?

रक्तातील एखादे प्रथिन आजारासोबत वाढते किंवा घटते, एवढ्यानेच ते वैद्यकाच्या कामाचे ठरत नाही. त्याच्या मोजमापामुळे रुग्णावरील उपचाराचा निर्णय बदलत असेल, तरच त्या चाचणीला दवाखान्यात जागा असावी. श्वासनलिका अरुंद होत जाऊन आणि वायुकोशांच्या भिंती झिजून जडणाऱ्या सीओपीडी या दीर्घकालीन श्वसनविकारात ‘जैवचिन्हक’, म्हणजे शरीरातील स्थितीची मोजता येणारी खूण, म्हणून अनेक प्रथिने पुढे आली. परंतु या कसोटीला त्यांतील फार थोडी उतरतात.

निर्विवादपणे उतरलेले प्रथिन अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे होय. स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल व स्टेन एरिक्सन हे विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करून पाहत असताना, सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाचांत अल्फा-१चा पट्टा जवळजवळ उमटतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्या पाच जणांपैकी तिघांना वायुकोशांचा नाश करणारा एम्फिसीमा झालेला होता. हे निरीक्षण १९६३ साली प्रसिद्ध झाले. यकृतात तयार होणारे हे प्रथिन पांढऱ्या पेशींतून स्रवणाऱ्या इलास्टेज या विकराला आवर घालते, आणि हा आवर सुटला की जंतूंशी लढण्यासाठी असलेले ते विकर फुफ्फुसातील लवचीक तंतूंचाच नाश करू लागते. या प्रथिनाच्या कमतरतेचा दोष आनुवंशिक असल्याने एका रुग्णात तो सापडला की भावंडांची तपासणी करता येते, धूम्रपान तातडीने थांबवण्याला भक्कम कारण मिळते आणि काही देशांत तर शुद्ध केलेले प्रथिन शिरेतून दिलेही जाते. या दोषाचा तीव्र प्रकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, ही मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी लागते.

दुसरे उदाहरण सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनचे, म्हणजे शरीरात कोठेही दाह झाला की यकृतातून वाढत्या प्रमाणात स्रवणाऱ्या प्रथिनाचे. इंग्लंड व वेल्समधील सामान्य दवाखान्यांत सीओपीडी अचानक बळावलेल्या ६५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बोटातून घेतलेल्या रक्तावर हे प्रथिन जागेवरच मोजले असता प्रतिजैविके घेणाऱ्यांचे प्रमाण ७७.४ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आले, आणि त्यामुळे रुग्णांची प्रकृती अधिक बिघडली नाही. प्रतिजैविकांचा सैल वापर जेथे नित्याचा आहे, तेथे या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे स्थान वेगळे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ साली त्याला मान्यता दिली, ती नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी अधिक धोक्यातील रुग्ण निवडण्यापुरती; एकेका रुग्णाचे भवितव्य त्यावरून सांगता येत नाही, कारण साध्या संसर्गानेही ते वाढते.

या संशोधनातील खरी उणीव अन्यत्र आहे. एक्लिप्स या बारा देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात सीओपीडीचे जे रुग्ण घेतले गेले, ते सर्व दीर्घकाळ सिगारेट ओढलेले होते. मात्र २०१६ साली ज्या भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, तेथे चुलीपुढे वर्षानुवर्षे धूर गिळलेल्या आणि विडीला कधी स्पर्शही न केलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. सिगारेटने बिघडलेल्या फुफ्फुसांवरून ठरलेल्या मर्यादा या स्त्रियांना तपासल्याविना लावणे अशास्त्रीय होईल. त्यांच्यावर स्वतंत्र अभ्यास व्हावेत, आणि तोवर महागड्या प्रथिनचाचण्यांआधी प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात स्पायरोमेट्री पोहोचावी. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतर जोराने फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडते की नाही, यावरच या आजाराचे निदान आजही ठरते.